पाण्यासाठी राखीव

रस्ता उंच करायला कुणाचीच हरकत नव्हती. हरकती मागवल्या होत्या, म्हणतात. नगरपालिकेच्या दाराशी कागद चिकटवला होता, तो पावसानं धुऊन गेला, आणि एकही हरकत आली नाही असं ठरलं.

रस्त्याला नाव मिळालं ‘हवामान-सक्षम मार्ग’. हवामान बदललंय, पाऊस पूर्वीसारखा शहाण्यासारखा पडत नाही, तेव्हा निदान रस्त्यानं तरी शहाणं व्हावं, असा त्यामागचा विचार. विचारात काही वाईट नव्हतं. रस्ता कमरेइतका वर आला. काळाभोर, गुळगुळीत, मधोमध फुलझाडांच्या कुंड्या. कितीही कोसळला तरी रस्त्यावर पाणी म्हणून थांबेना. ते जातं कुठं, हे फक्त गिरणीवाल्याच्या घरच्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याकडेच येत असे.

रस्त्याच्या कडेला गिरणी, गिरणीशेजारी अंगण, अंगणामागे घर. रस्त्याच्या पलीकडे ओढा. गाव गाव होतं तेव्हा वरच्या रानातलं पाणी अंगणाच्या कडेनं यायचं, सखल रस्ता ओलांडायचं आणि ओढ्यात पडायचं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग गावाचं शहर झालं, रानात इमारती झाल्या आणि आता हा रस्ता बांधासारखा आडवा पडला. वर आणखी, रस्त्यावरचं पाणी झटकन उतरावं म्हणून कडेला लोखंडी जाळ्या बसवल्या, जाळ्यांखालून एक जाड नळ टाकला आणि त्या नळाचं तोंड गिरणीच्या अंगणात उघडलं.

पूर्वी गिरणीत पायऱ्या चढून यावं लागे. आता उतरावं लागे. गिरणीवाला म्हातारा चक्कीपाशी उभा राहिला की त्याला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसायच्या आधी चपला दिसत. पहिले काही दिवस त्याला ते चमत्कारिक वाटलं. मग तो चपलांवरून माणसं ओळखायला लागला आणि तेच त्याला जास्त लागलं. उभा जन्म त्यानं लोकांच्या तोंडाकडे बघून धंदा केला होता.

“अहो, दळण!” वरून कुणीतरी ओरडायचं आणि डबा खाली सरकवायचं. खाली यायची तयारी नसे. खाली चिखल होता.

चक्कीची मोटर जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेली; तिथून पट्टा वर चक्कीकडे जायचा. पाणी आधी त्या खड्ड्यात शिरायचं. मोटर जळली की गिरणी संपली, आणि गिरणी संपली की या घराला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात पिठाच्या पिशव्या रांगेनं मांडलेल्याच होत्या, वाट बघत. म्हाताऱ्याचा मुलगा लांबवरच्या मालट्रकवर होता. अधूनमधून यायचा आणि आला की झोपायचा. गिरणी ओढायची ती सासऱ्यानं आणि सुनेनं. सासू गुडघ्यांनी अधू. ती उंच बाजेवर बसून गिऱ्हाइकांचं धान्य निवडायची आणि बोलायची. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त उरकायचं.

पाऊस झाला की सकाळी सून खड्ड्यात उतरे. पाणी मांड्यांपर्यंत, वर पिठाची साय. ती डबा भरायची, वर करायची. सासरा घ्यायचा आणि दाराबाहेर ओतायचा. ओतलेलं पाणी उंबऱ्याबाहेर जरा घुटमळायचं आणि पुन्हा आत यायचं.

“मामंजी, मागच्या दारानं ओता.”

“मागंही हेच आहे.”

“मग ओतायचं कुठं?”

“पिऊन टाका,” बाजेवरून सासू म्हणाली. “गोड असेल. शहराचं आहे.”

उपसून झालं की मोटर फडक्यानं पुसायची, तिच्यापुढे निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, पट्टा काढून दोरीवर टाकायचा. ओला पट्टा घसरतो आणि घसरला की रबर जळल्याचा वास पिठात उतरतो. दगडांनाही दमट हवा सोसत नव्हती. पीठ त्यांच्या खाचांत चिकटून बसे. म्हातारा वरचा दगड उलटा पाडायचा, मांडी घालून बसायचा आणि छिन्नीनं एकेक खाच मोकळी करायचा. पूर्वी दगडांना अशी टाकी क्वचित लावावी लागे. आता दर पावसागणिक. त्याच्या भुवया पिठानं आधीच पांढऱ्या, आता त्यात दगडाची भुकटी. सुनेच्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांतून कातडं सुटलं. संध्याकाळी ती तेल लावायची आणि सकाळी पुन्हा खड्ड्यात उतरायची.

एक दिवस लाल सँडल उंबऱ्यावर येऊन थांबल्या. “तुमचं पीठ कुबट लागतं हो हल्ली.”

“हवा दमट आहे, ताई,” म्हातारा म्हणाला.

“आमच्याकडे नाही बाई दमट,” सँडल म्हणाल्या आणि डबा न देताच निघून गेल्या. त्या कोपऱ्याकडे वळल्याचं म्हाताऱ्याला खालून नीट दिसलं.

त्या दिवशी सासरा आणि सून नगरपालिकेत गेले.

नियोजनाचे साहेब तरुण होते आणि हसरे होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. पाणी नको, असं दोघंही एकदमच म्हणाले.

“गिरणी... गिरणी...” साहेब उठून भिंतीवरच्या मोठ्या रंगीत नकाशापाशी गेले. “हां! ही. छान जागा आहे.”

“ती निळी का आहे?” सुनेनं विचारलं. बाकीची घरं पिवळी होती.

“ती पाण्यासाठी राखीव आहे. म्हणजे बघा, आता कमी वेळात फार पाऊस पडतो. ते पाणी शहरभर पसरू नये म्हणून कुठंतरी थांबवून धरावं लागतं. मोठमोठ्या शहरांत यासाठी तलाव खोदतात. आपल्याला आयती सखल जागा मिळाली.”

“तिथं आमचं घर आहे,” सून म्हणाली.

“आहेच की. घराला कुणी हात लावणार नाही.”

“घरात पाणी येतं.”

“तात्पुरतं.”

“किती दिवस?”

“जिरेपर्यंत.”

म्हातारा खुर्चीच्या टोकावर सरकला. “साहेब, फरशीत कसं जिरेल?”

हा मुद्दा साहेबांना नवा होता. त्यांनी तो प्रामाणिकपणे मनात घोळवला. “फरशी ही अडचण आहे खरी,” ते म्हणाले. “काढून टाकलीत तर पुष्कळ फरक पडेल.”

“रस्त्याखालून एक नळ टाका,” सून म्हणाली. “आमच्या अंगणातून थेट ओढ्यापर्यंत. सगळं पाणी निघून जाईल. रस्त्यावरचंही, आमचंही.”

“त्यासाठी रस्ता फोडावा लागेल. तो कसा फोडणार? तो सक्षम आहे.”

तेवढ्यात सभापती आत आले. मार्गाची फीत त्यांनीच कापली होती आणि तेव्हापासून त्यांच्या चालण्यात एक झोक आला होता. त्यांनी म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. “काका! तुमच्या गिरणीचं पीठ खाऊन मोठा झालो मी. ऐका, तुमचा त्याग हे शहर कधी विसरणार नाही.”

“मी कधी केला?” म्हातारा म्हणाला.

सभापती मोठ्यानं हसले. त्यांना तो विनय वाटला.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, “काय म्हणाले?”

“आपण तलाव आहोत,” सून म्हणाली.

“मासे कधी सोडतायत, विचारलंत का?” सासूनं सूप बाजूला ठेवलं. म्हातारा अंगणात जाऊन नळाच्या तोंडासमोर उभा राहिला. नळ सुस्त होता. आतून थेंब थेंब गळत होतं.

गिरणीत जमिनीवर तेल सांडलं, पाणी सांडलं की पहिला हात कोंड्याकडे जातो. मूठभर कोंडा टाकायचा, तो सगळं पितो, झाडूनं लोटून द्यायचं. म्हाताऱ्यानं बापाला असंच करताना पाहिलं होतं आणि सुनेलाही हेच शिकवलं होतं. कोंडा तर रग्गड होता. पाववाल्यासाठी पीठ चाळलं की उरायचा. पूर्वी तो गुरांच्या पोटात जायचा. आता आसपास गुरं उरली नव्हती, मोटारी होत्या, आणि त्या कोंडा खात नव्हत्या. मागच्या पडवीत गोण्यांची थप्पी आढ्याला टेकली होती.

“सूनबाई, गोणीला हात लाव.”

“कुठं न्यायची?”

“नळाच्या तोंडाशी.”

सून थांबली. “मामंजी, तो फुगेल.”

“फुगू दे की. पाणी पिऊ दे पोटभर. मग ओढून काढू, वाळत घालू आणि दुसऱ्या ठेवू.”

सांडलेलं तेल आणि अख्ख्या रस्त्याचं पाणी यांत काही फरक असतो, हे त्या घडीला त्याच्या डोक्यात आलं नाही. हात आपल्या सवयीनं चालले होते. दोघांनी गोण्या ओढत नेल्या, काही नळाच्या आत सारल्या, लाकडी मुसळानं ठोकून ठोकून बसवल्या. सून घामानं निथळत होती, तिच्या केसांत, पापण्यांवर कोंडा. दुपारी धो धो पाऊस आला.

आणि नळातून काही आलं नाही.

वरच्या रानाकडचं थोडं पाणी आलं, अंगण ओलं झालं, इतकंच. खड्ड्यात मोटर कोरडी बसून राहिली. म्हाताऱ्यानं पट्टा चढवला, कळ दाबली, आणि गिरणी अशी घुमली की समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन रस्ता ओलांडून आला.

“काका, आज आवाज खणखणीत आहे!”

“औषध दिलंय,” म्हातारा म्हणाला. खूप दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

दोन-चार दिवस मजेत गेले. पीठ पुन्हा भुरभुरीत पडायला लागलं, हाताला गरम लागायला लागलं. पण गोण्या काढायला गेले तर त्या निघेनात. कोंडा आत फुगून नळाला घट्ट जडला होता. म्हाताऱ्यानं एका गोणीच्या तोंडाला दोर बांधून ओढलं. तोंड हातात आलं, गोणी आतच राहिली. मग आंबट वास सुटला. माश्या आल्या. सासू नाकाला पदर लावून म्हणाली, “सभापतींना बोलवा. म्हणावं, अजून एक फीत आहे, इथं उभं राहून कापा.”

त्याच आठवड्यात दुसऱ्या गावांचे पाहुणे मार्ग बघायला आले. इतर नगरपालिकांचे अध्यक्ष, अभियंते, एक बसभर. पाऊस सकाळपासून लागला होता. सभापतींना त्याचा आनंदच झाला. पावसाशिवाय सक्षमता दाखवणार कशी? बस गिरणीसमोर आली तेव्हा जाळ्यांतून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येत होतं. कुंड्यांमधली फुलं तरंगू लागली. बसचं इंजीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गिरणीच्या अंगणात उतरले. त्यांचं हसू आज घरी राहिलं होतं. “हा नळ कुणी बुजवला?”

“मी,” म्हातारा म्हणाला. “म्हणजे, बुजवायचा नव्हता. पाणी प्यावं म्हणून—”

“सरकारी कामात अडथळा आहे हा! आत्ताच्या आत्ता काढा. नाहीतर गिरणीला कुलूप लावून जातो.”

कुलूप म्हटल्यावर म्हातारा नळाकडे वळला. आयुष्यभर त्यानं वरून आलेल्या आवाजाला ‘हो’ म्हटलं होतं. तो नळापुढे चिखलात पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. आंबलेला कोंडा मुठीमुठीनं बाहेर काढू लागला. गाल चिखलाला टेकलेला, पाठीवर पाऊस, सदरा वर सरकून कंबर उघडी पडलेली. वर रस्त्याच्या काठावर पाहुणे छत्र्या घेऊन उभे होते. त्यांतल्या एकानं फोटो काढला. “स्थानिकांचा सहभाग चांगला आहे,” असंही कुणीतरी म्हणालं.

सून त्याच्याजवळ उकिडवी बसली.

“मामंजी, काय काढताय?”

“कोंडा.”

“तो निघाला की काय येईल?”

म्हाताऱ्याचा हात थांबला. “पाणी.”

“कुठं जाईल ते?”

बहुधा तो मोटर आठवत असावा, किंवा लाल सँडल. मग त्यानं हात बाहेर काढला. मुठीत घट्ट आंबूस गोळा होता. त्यानं तो पाहिला, आणि परत आत कोंबला. वर आणखी दोन मुठी कोंबल्या आणि तळव्यानं थापून घट्ट केल्या.

“अहो, काय करताय!” साहेब ओरडले.

म्हातारा उठून उभा राहिला. अर्ध्या तोंडाला चिखल, अर्ध्याला पीठ. “लावा कुलूप,” तो म्हणाला. “बाहेर बसून बघत राहीन. पण कोरडी बघेन. माझ्याच हातानं माझ्या गिरणीत पाणी सोडायला सांगताय? तुम्हाला जेवण जातं कसं?”

सभापतींनी घाईघाईनं साहेबांना बाजूला घेतलं. पाहुण्यांच्या बुटांत पाणी शिरलं होतं आणि शिरलेलं पाणी जिरेपर्यंत थांबायला पाहुणे तयार नव्हते. कुंड्या उतरवायला आणलेलं पिवळं खोदायचं यंत्र कडेला उभंच होतं.

“काप रे इथं!” सभापतींनी चालकाला सांगितलं. “गिरणीपासून ओढ्यापर्यंत. लवकर.”

ज्या रस्त्याला बोट लावता येत नव्हतं, त्याची पाठ पाहुण्यांच्या मोज्यांसाठी बघता बघता फाडली गेली. पाणी खळाळत ओढ्यात गेलं. रस्त्यावरचं गेलं, अंगणातलंही गेलं. पाहुण्यांना वाटलं हे प्रात्यक्षिक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सून मात्र चराकडे बघत उभी होती. एवढंच तर मागत होतो आपण. हेच. ती आत गेली आणि पाण्याचा रिकामा डबा तिनं भिंतीवर असा आपटला की तो चेपला.

दुसऱ्या दिवशी दगडांचा ट्रक आला, डांबर आलं, आणि पिवळं यंत्र परत आलं. साहेबही आले. चर बुजवायचा होता. कोंडा काढायला नळात जोराच्या पाण्याचा फवारा मारायचा होता.

“चर आहेच तर त्यात नळ टाका आणि मग बुजवा,” सून म्हणाली.

“नळ आराखड्यात नाही.”

“चर होता का आराखड्यात?”

“तो... आपत्कालीन होता.”

“आमच्याकडे रोजच आपत्काळ आहे हो, साहेब!”

साहेबांनी चालकाला खूण केली. यंत्र घरघरलं. तेव्हा आतून सासूचा आवाज आला, “मला बाहेर न्या.”

ती कितीतरी दिवसांत दाराबाहेर आली नव्हती. सुनेनं एका बाजूनं खुर्ची धरली, शिंप्यानं दुसऱ्या. “कुठं ठेवू, आजी? सावलीत?” शिंप्यानं विचारलं.

“चरात.”

“काय?”

“तुला शिवण एकदा सांगितलं की कळतं ना? चरात.”

तिला चरात उतरवताना शिंप्याचा दम निघाला. म्हाताऱ्यानं मधे पडून काही बोलायचा प्रयत्न केला, पण तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सूप आणि धान्याचा डबा आणायला गेला. फाटलेल्या रस्त्याच्या दोन काळ्या भिंतींमधे ती खुर्चीवर बसली आणि गहू निवडायला लागली.

यंत्रावरचा चालक खाली वाकला. “आजी, उठा. मला दगड टाकायचेत.”

“टाकशील. आधी मला यातले काढू दे.”

साहेब काठावर आले. “आजी, हे बरं नाही. तुमचं वय काय—”

“वय नळापेक्षा जास्त आहे. नळ आण, उठते.”

“आभाळ भरून आलंय. इथं पाणी येईल.”

“येऊ दे. मला तुम्हीच सवय लावलीत.”

थेंब पडायला लागले. म्हातारा पाववाल्याचं पीठ दळायला गिरणीत गेला. पाववाला पीठ न्यायला आला होता. तो थोडा वेळ काठावर उभा राहिला, मग खाली उतरला आणि म्हातारीवर पोतं धरून उभा राहिला. शिंपी तिथंच होता. एक बाई दळणाचा डबा घेऊन आली आणि वरून खाली सरकवायच्या ऐवजी डब्यासकट खाली उतरली. आणखी कुणी कुणी आलं. चर काही फार रुंद नव्हता. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. चालकानं यंत्र बंद केलं आणि बिडी काढली.

साहेबांनी छत्री मानेत धरून त्यांच्या वरच्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, बुजवता येत नाहीये... नाही, दगड आलेत. यंत्रही आहे... चर मोकळा नाही, साहेब... माणसं आहेत आत.” ते ऐकत राहिले. पलीकडून बरंच काही सांगितलं जात असावं. चरातलं पाणी म्हातारीच्या घोट्याला लागलं, तिनं लुगडं जरा वर खोचलं आणि सूप पाखडलं. “नाही साहेब, उठणार नाहीत... हो, समजावून झालं... नळ पाठवा. जाड पाठवा... आजच.”

“ए पोरा,” म्हातारीनं खालून हाक मारली. “किती माणसं आहेत तेही सांग. मोजून सांग, त्यांना मोजलेलं लागतं.”

साहेब छत्री सावरत, बोटानं एकेक डोकं मोजू लागले.

“आणि मागं तो आवाज येतोय ना,” ती म्हणाली, “तो गिरणीचा आहे. चालू आहे म्हणावं.”